सहा महिन्यांची आई

माझ्या धाकटीचा जन्म कधी होणार हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तिची आजी परत कधी जाणार ती तारीख मात्र ठरून गेली होती. १० ऑक्टोबर २०१८. अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाच्या दारातून आई बाहेर आली, ढकलगाडीवर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, अंगावर बाबांचा स्वेटर. गाडीत बसल्याबसल्या तिने पर्समधून पासपोर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. शिक्क्याखाली अधिकाऱ्याने पेनाने लिहिलं होतं, ९ एप्रिल २०१९. "पूर्ण सहा महिने दिलेत गं," आई म्हणाली. तिच्या स्वरात बक्षीस मिळाल्याचा आनंद होता.

त्या दोन बॅगांत तिचं स्वतःचं असं फार थोडं होतं. चार साड्या, औषधं, वाचायचा चष्मा. बाकी सगळं माझ्या बाळंतपणाचं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, बाळगुटीचा डबा आणि टॉवेलात गुंडाळलेली सहाण. दुपट्यांसाठी आजीची जुनी सुती लुगडी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. धुरी मात्र देता आली नाही. छतावरच्या धुराच्या अलार्मने पहिल्याच दिवशी सगळा मजला जागा केला, तेव्हा आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला सुरुवात केली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसरा मार्ग असायचा.

"नोकरी, संसार, मुलं, सगळं कसं गं सांभाळतेस?" हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं विचारला जातो. नाशिकला गेले की विचारतात, इथे नव्याने आलेल्या मुलीही विचारतात. तारेवरची कसरत म्हणतात. मी बराच काळ हसून काहीतरी उत्तर द्यायचे आणि ते कौतुक स्वतःकडे ठेवून घ्यायचे. आता तसं करवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी अमेरिकेत आले ती मार्च २००९ मध्ये, लग्नानंतर तीन महिन्यांनी, एच-४ व्हिसावर. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता, त्याची नोकरी त्याच्या नावावर, आणि माझं इथलं असणं त्याच्या नोकरीवर. इथे या व्हिसाला सगळे सरळ 'डिपेंडंट' म्हणतात. त्याआधी चार वर्षं मी नाशिकला, सातपूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. हवेत, पाण्यात, औषधात जे डोळ्यांना दिसत नाही ते वाढवायचं, शोधायचं आणि मोजायचं, हे माझं काम. ते मला मनापासून आवडायचं. सकाळी इन्क्युबेटर उघडला की येणारा तो ओलसर, किंचित आंबूस वास मला ओळखीच्या माणसासारखा वाटायचा.

एच-४ वर काम करायला परवानगी नव्हती. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तो नाही म्हणून कर भरायला वेगळा नंबर, आणि प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी'. गृहिणी असण्यात कमीपणा नाही, माझी आजी आयुष्यभर तेच होती आणि तिच्याइतकं कष्टाळू माणूस मी पाहिलेलं नाही. पण ते मी निवडलेलं नव्हतं. औषध कंपन्यांनी भरलेल्या न्यू जर्सीत मी राहत होते, बसच्या खिडकीतून त्यांच्या इमारती दिसायच्या, आणि आत जायला कायद्यानेच बंदी होती. २०११ मध्ये मुलगा झाला. तो रांगायला लागला, चालायला लागला, मी त्याच्याबरोबर वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला जाऊ लागले. ते दिवस सुखाचेच होते. रात्री तो झोपला की मी जुनी पुस्तकं काढून वाचत बसायचे, विसरायला होऊ नये म्हणून.

फेब्रुवारी २०१५ मध्ये तो नियम जाहीर झाला. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालाय अशा एच-४ धारकांना २६ मे पासून काम करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येणार होता. ३८० डॉलरचा चेक, दोन फोटो, लग्नाचा दाखला. पाकीट टपालात टाकताना माझा हात थरथरत होता. परवान्याचं कार्ड आलं तेव्हा मी ते मुलाच्या हातात दिलं. तो चार वर्षांचा. त्याने त्यावरचा माझा फोटो बघितला आणि विचारलं, "आई, तू इथे हसत का नाहीयेस?"

जानेवारी २०१६ मध्ये नोकरी लागली. कंत्राटी, आणि नाशिकला मी सोडलेल्या जागेपेक्षा एक पायरी खालची. जवळजवळ सात वर्षांच्या खंडाची ती किंमत होती. वर्षाच्या शेवटी कायम झाले. २०१८ मध्ये धाकटीची चाहूल लागली तेव्हा मी गटप्रमुख होण्याच्या बेतात होते.

आता रजेचं गणित. देशपातळीवरचा १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही कंपनीत किमान पन्नास माणसं असतील आणि तुमचं वर्षभर काम झालं असेल तर. न्यू जर्सीत तेव्हा या रजेच्या काळात थोडे पैसे राज्याच्या विम्यातून मिळायचे, त्या बाबतीत आम्ही पुष्कळांपेक्षा नशीबवान. त्याच सुमारास पुण्यात माझी धाकटी बहीण बाळंत झाली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतात सव्वीस आठवडे पगारी रजा मिळू लागली होती. ती फोनवर म्हणाली, "ताई, बारा आठवड्यांत तर अंग पण धरत नाही गं." मला तिचा हेवा वाटला, आणि वाटल्याची लाजही वाटली.

१६ जानेवारी २०१९ ला मी कामावर रुजू झाले. मुलगी बारा आठवड्यांची होती.

निर्जंतुक खोलीत जायचं म्हणजे नखशिखान्त झाकून घ्यायचं. आधी हात, मग डोक्यावरचा हूड, मास्क, अख्ख्या अंगाचा पांढरा पोशाख, बूट झाकणारे मोजे, गॉगल, एकावर एक दोन जोड हातमोजे. कशालाही बाहेरून स्पर्श होऊ न देता. सराव असला तरी दहाबारा मिनिटं जातात. बाहेर पडलं की तो पोशाख बाद, पुन्हा आत जाताना नवा. दर तीन तासांनी दूध काढायला मी बाहेर यायचे. कायद्याने तेवढा वेळ आणि बंद खोली मिळते, मिळालीही. पण वीस मिनिटांचं काम जाऊन-येऊन पाऊण तासाचं व्हायचं, आणि तो वेळ भरून काढायला मी जेवण सोडायचे. एकदा चाचणी मध्येच थांबवता येईना. पोशाखाच्या आत ब्लाऊज भिजत गेला, आणि समोर काचेमागे मी औषधाच्या नळ्या हाताळत होते, ज्यांत एकही जिवाणू असता कामा नये. या नळ्या चौदा दिवस ठेवायच्या आणि बघत राहायच्या. एखादी गढुळली तर अख्खी बॅच थांबते. माझी नजर नळीवर होती आणि मनात एकच, ती उठली असेल, आता रडत असेल.

ती रडत नसायची. आई होती.

फ्रीझरचा वरचा कप्पा माझा. दुधाच्या पिशव्या, प्रत्येकीवर तारीख, वेळ, औंस. लेबल लावल्याशिवाय काहीच ठेवायचं नाही ही प्रयोगशाळेतली सवय. आईला मी एक तक्ता करून दिला होता, फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला. किती वाजता दूध, किती औंस, लंगोट कधी बदलला, किती झोपली. एकतीस वर्षं नाशिकच्या शाळेत हजेरीपट भरलेल्या बाईला मी तक्ता भरायला शिकवत होते. तिने तो एकही रकाना रिकामा न ठेवता भरला, देवनागरी आकड्यांत, शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात.

आमच्या संकुलात त्या हिवाळ्यात अशा चौदापंधरा आज्या होत्या. मुलीच्या किंवा सुनेच्या मापाचं जाडजूड जॅकेट, पायांत मोजे आणि त्यावर बूट, साडीचा काठ वर खोचलेला. दुपारी ऊन पडलं की त्या बाबागाड्या घेऊन क्लबहाऊसच्या आडोशाला जमायच्या. मराठी, तेलुगू, गुजराती. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुणाचं बाळ पालथं पडलं आणि कुणाला जुलाब झाले हे सगळ्यांना माहीत असायचं. गाडी चालवता येत नाही, एकटीने दुकानात जायची सोय नाही, शनिवार-रविवार मुलं नेतील तिथे जायचं. सहा महिने झाले की एक आजी उठायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. मुलीची आई गेली की मुलाची आई. आमच्याकडेही ठरलं होतं, एप्रिलमध्ये आई जाणार, मे मध्ये सासूबाई येणार. मला ते खो-खोसारखं वाटायचं. एकीने पाठीवर थाप द्यायची आणि दुसरीने उठून धावायचं. फरक एवढाच की या खेळात आम्ही पोरीबाळी पुढे पुढे पळत होतो आणि दम लागत होता त्यांना.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आमच्याकडे मोठी तपासणी होती. बाहेरून माणसं येणार, गेल्या दोन वर्षांच्या नोंदी उलगडून बघणार. मी पहाटे उठून सातला घराबाहेर पडले. दिवस चांगला गेला. मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पाच वाजता साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी त्या आनंदातच घरी आले, बूट काढता काढता आईला सांगत सुटले. तिने सगळं ऐकलं. "छान झालं," म्हणाली. मुलीला माझ्याकडे दिलं. मी पाजायला बसले. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई गेली गं माझी."

आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. सिन्नरजवळच्या गावी, मामाकडे. थंडीत छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. भारतातल्या संध्याकाळी सहाला ती गेली, म्हणजे आमच्या सकाळी साडेसातला. मामाचा फोन आठच्या आधीच आला होता. मी घरातून निघून तासही झाला नव्हता.

"मला फोन का नाही केलास?"

"तुझी ती तपासणी होती ना आज."

दिवसभर ती त्या घरात एका साडेतीन महिन्यांच्या बाळाबरोबर होती. तिने आंघोळ केली. देवापुढे बसली. दूध गरम पाण्यात ठेवून कोमट केलं, बाटलीतून पाजलं, पाठ थोपटून ढेकर काढला. तीनला मुलाची बस आली, त्याला उतरवून घेतलं, खायला दिलं. रात्री साडेअकराला, तिकडे सकाळी दहाला, मामाच्या मुलाने फोन धरला आणि आम्ही दोघींनी छोट्या पडद्यावर आजीला नेताना पाहिलं. चित्र मध्येच थांबायचं. आई आवाज न करता रडत होती, मुलं झोपली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचा तक्ता पाहिला. मंगळवारच्या रकान्यात सगळं होतं. ८.१५, तीन औंस. ११.००, तीन औंस. १.४०, साडेतीन औंस. झोप, चाळीस मिनिटं. अक्षर जराही हललेलं नव्हतं.

आणि मी काय केलं, तेही लिहायला हवं. आई आपणहून म्हणाली, "आता जाऊन तरी काय, दर्शन काही मिळणार नाही. दहाव्याला पोचेन फार तर, मग तुझं काय?" त्या वाक्याला माझ्याकडे एकच योग्य उत्तर होतं. जा आई, मी बघते. मी रजा मागेन, नवरा घरून काम करेल, आठवडाभर काहीतरी होईल. मी ते म्हणाले नाही. मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिला कळला. ती थोरली मुलगी होती. तिच्या आईच्या दहाव्याला ती एडिसनमधल्या आमच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, अळीवाच्या खिरीसाठी दूध आटवता आटवता माझ्या मुलीला मांडीवर खेळवत होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आई म्हणाली, "मला आनंदीबाईंना भेटायचंय." चौथीच्या वर्गाला तिने कित्येक वर्षं आनंदीबाई जोशींबद्दल सांगितलं होतं. त्यांच्या अस्थी इथे आहेत हे तिला माहीत होतं. आम्ही मुलांना घेऊन निघालो, हडसन नदीच्या बाजूने वर, दोन तासांवर पोकीप्सी. दफनभूमी मोठी, झाडं निष्पर्ण, सावलीत अजून बर्फ. शोधायला अर्धा तास लागला. साधा उभा दगड. आईने चपला काढायला वाकून मग बूट बघितले आणि तशीच उभी राहिली.

नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, दहा दिवसांत ते गेलं. १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून त्या इथे आल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. बावीसही पूर्ण झाली नव्हती. हे सगळं मला पाठ होतं. आई मात्र दुसऱ्याच बाईबद्दल बोलत होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. आमच्या घरापासून रोझेल अर्ध्या तासावर आहे आणि मी दहा वर्षांत एकदाही तो विचार केला नव्हता. बंदरावर आनंदीबाईंना घ्यायला त्या गेल्या. आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. पुढे गोपाळरावांनी अस्थी त्यांच्याकडेच पाठवल्या, म्हणून हा दगड इथे, कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या जागेत. "इतक्या लांब येऊन शिकायचं," आई म्हणाली, "तर कुणीतरी मावशी लागतेच." मग तिने मुलीच्या कानावरची टोपी नीट केली आणि म्हणाली, चला, वारा लागतोय तिला.

मला तिथे पंडिता रमाबाईही आठवल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या इंग्लंडहून आल्या होत्या, बरोबर चार-पाच वर्षांची मनोरमा. नवरा नाही, देश परका, आणि हात धरून लेक. त्या लेकीला भाषणांच्या दौऱ्यांत कोण सांभाळत असेल, कोण जेवू घालत असेल, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता.

९ एप्रिलच्या चार दिवस आधी आई नाशिकला परत गेली. तारखेच्या काठावर नको, असं तिचं म्हणणं. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात पुरणाच्या वड्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येक पाकिटावर माझ्यासारखीच तारीख.

सासूबाईंचे सहा महिनेही चांगले गेले. सुरुवातीला आमचे खटके उडाले, मग त्यांना आणि मला एकमेकींची चाल कळली. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, त्या तेवढ्या जागेच्या धनी आहेत.

नोव्हेंबरपासून मुलगी एका बाईंच्या घरी जाऊ लागली. नोंदणी केलेलं घरगुती पाळणाघर, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पाच मुलं. बाई इक्वाडोरच्या. घर स्वच्छ, चेहरा शांत. मुलगी तिथे पंधरा दिवसांत रमली, त्यांना 'तीया' म्हणू लागली. स्पॅनिशमध्ये मावशी किंवा आत्या. एकदा मी लवकर घ्यायला गेले तेव्हा त्या फोनवर बोलत होत्या, पडद्यावर चौदापंधरा वर्षांची मुलगी, डोळे अगदी त्यांचे. त्यांची लेक. ती पाच वर्षांची असताना त्या इकडे आल्या. ती आजीकडे वाढली. त्या दर महिन्याला पैसे पाठवतात. परत जाऊन येता येईल अशी त्यांच्या कागदांची स्थिती नव्हती, एवढं त्यांनी सांगितलं, मी पुढे विचारलं नाही.

मी मुलीला घेऊन गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही. आठवड्याला २२५ डॉलर मी त्यांना देत होते आणि त्यातले काही समुद्रापलीकडे एका आजीच्या हातात पडत होते. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर, त्यांची मुलगी त्यांच्या आईच्या. माझी आई माझ्यासाठी तिच्या आईजवळ गेली नाही. ही साखळी कुठेतरी संपत असेल तर ती कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईच्या पायांशी संपते, ज्या पायांनी ती दिवसभर उभी असते.

लग्नाबद्दल लिहायचं टाळत होते. सगळ्यात अवघड तेच. नवरा चांगला माणूस आहे, आधीही होता. पण पाळणाघराचा नियम असा, की ताप आला की घरी न्यायचं आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच परत आणायचं. तो फोन आला की आमच्या घरात एकच भांडण व्हायचं. कोण जाणार? आणि शेवटी तो एक वाक्य म्हणायचा, "माझी नोकरी गेली तर साठ दिवसांत सगळ्यांनाच बॅगा भराव्या लागतील." ते खरं होतं, शब्दशः. त्याचा व्हिसा गेला तर माझाही, आणि माझ्या कामाचा परवानाही. म्हणून माझ्याकडे उत्तर नसायचं. संसारात दोघांचं पारडं कधी वर, कधी खाली असतं, ते मला मान्य आहे. पण इथे एका पारड्यात कायद्यानेच वजन टाकून ठेवलं होतं. आम्ही दोघं एकमेकांशी भांडतोय असं आम्हाला वाटायचं. मी नळ्या सहकाऱ्याच्या हवाली करायचे आणि जायचे.

मार्च २०२० मध्ये हे उलटलं. २१ तारखेला न्यू जर्सी बंद झाली. त्याचं ऑफिस घरी आलं आणि माझी प्रयोगशाळा चालूच राहिली, औषधं थांबवता येत नव्हती. तीयाचं पाळणाघर बंद. भारतातून विमानं बंद, म्हणजे कुठलीच आजी नाही. आठ वर्षांचा मुलगा पडद्यावरच्या शाळेत, दीड वर्षाची मुलगी टेबलाखाली, आणि नवरा त्या दोघांच्या मधे हेडफोन लावून. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी घरी आले तर फ्रिजवर तक्ता होता. त्याने केलेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईचे जुने कागद कपाटात सापडले, म्हणाला, तसंच केलं की दिवस हाताशी राहतो. मी काही बोलले नाही. मी आंघोळीला गेले आणि पाणी सोडून खूप रडले.

त्याच नोव्हेंबरात माझ्या परवान्याची मुदत संपली. नवा अर्ज वेळेत गेला होता, कार्ड वेळेत आलं नाही. पाच महिने मी घरी, कामाची माणसं फोन करून कुठली नोंद कुठे आहे ते विचारायची. पुन्हा एकदा ते वाचनालयाच्या दिवसांसारखं वाटलं, फक्त या वेळी तो म्हणाला, "हे तुझ्या बाबतीत होतंय हे मला आत्ता कळतंय." एप्रिलमध्ये कार्ड आलं. २०२२ मध्ये ग्रीन कार्ड. त्या दिवसापासून साठ दिवसांचं वाक्य आमच्या घरातून गेलं. भांडणं गेली नाहीत, पण आता ती दोघांची असतात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आई-वडिलांच्या आजारपणासाठीही इथे कायद्याने बारा आठवडे मागता येतात. मी आता विभागप्रमुख आहे, सप्टेंबरात तपासणी होती. मी तीन आठवडे मागितले. तिच्या सहा महिन्यांसमोर माझे तीन आठवडे. विमानात तो आकडा मनातून जात नव्हता.

नाशिकच्या घरात वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत यायची, तेवढ्याने घाम फुटायचा. मी फिजिओथेरपीचा तक्ता करून तिच्या फ्रिजवर लावला. ती तो स्वतःच भरायची. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, गुडघा किती वाकला. रात्री मी तिच्या पायांना बर्फ लावून बसायचे आणि आम्ही आजीबद्दल बोलायचो. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तिला म्हणाले, मी तेव्हा जा म्हणायला हवं होतं. ती बराच वेळ गप्प होती. "हो," म्हणाली, "म्हणायला हवं होतंस. गेले नसते कदाचित. पण म्हणायला हवं होतंस." आणि तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली.

बाराव्या दिवशी रात्री नवऱ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाला, धाकटीला कालपासून ताप होता, आज उतरलाय. काल शाळेतून फोन आला, तो घेऊन आला, दोन दिवस रजा टाकली, डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

"काल का नाही सांगितलंस?"

"तू तिथे आईजवळ होतीस ना."

फोन स्पीकरवर होता. आईने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग हात पुढे केला. मी फोन तिच्याकडे दिला.

"अहो," ती त्याला म्हणाली, "आता किती आहे ताप? आणि तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"